घरातला समुद्र : पहिली टाकी घेण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



समितीने मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरीसाहेबांनी बजावलंय, "लिफ्टमध्ये पकडून सांगता तेवढं नको!" तेव्हा थोडक्यात सांगतो.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच मुंबईकरांप्रमाणे मीही हे वेड मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयातून घरी आणलं. पण प्रत्यक्ष टाकी घेतली ती मुलीच्या हट्टापायी. तिला ‘निमो’ हवा होता, म्हणजे क्लाउनफिश. मी तीस लिटरची छोटी टाकी आणली, मीठ कालवलं आणि दुसऱ्याच दिवशी तीन मासे सोडले. आठवड्याभरात तिन्ही गेले. मुलीने विचारलं, "बाबा, ते आजारी होते का?" खरं उत्तर होतं, नाही. माझी घाई त्यांना नडली.

काय चुकलं? पहिली चूक, टाकी लहान. नवशिक्याने छोट्यापासून सुरुवात करावी असं वाटतं, पण इथे उलटं आहे. थोडं पाणी पटकन तापतं, पटकन बिघडतं. जास्त पाणी तुमची चूक पोटात घालतं. म्हणून पहिली टाकी दीडशे ते दोनशे लिटरची घ्या.

दुसरी चूक, टाकी मुरू दिली नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको. चिमूटभर खाद्य टाकायचं आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पहिला मासा. लोणचं मुरायच्या आधी बरणी उघडत नाही ना आपण, तसंच हे.

पाण्याचं सांगतो. चौपाटीवरून पाणी आणू नका, आणि स्वयंपाकाचं मीठही नको. मत्स्यालयासाठी वेगळं समुद्री मीठ मिळतं, ते आरओच्या पाण्यात कालवायचं. विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून पातळी घटली की भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. मिठाचं पाणी फक्त बदलताना; दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के.

मासे कोणते? क्लाउनफिशची जोडी उत्तम. त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही. शक्यतो पैदास केंद्रातले घ्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलंय. ‘डोरी’ मात्र नको. तो निळा मासा फूटभर वाढतो, आपल्या हॉलमध्ये त्याची घुसमट होईल. समुद्रघोडे आणि आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. दुकानदाराने प्रवाळाचा वाळका दगड दिला तरी घेऊ नका. कृत्रिम खडकावरही जिवाणू छान वाढतात.

आता सोसायटीचा मुद्दा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, वाळू, खडक, स्टँड मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जातं. बाल्कनीत किंवा खोलीच्या मधोमध ठेवू नका. बीम कुठे आहे ते इंजिनिअरला विचारा आणि समितीला कळवा.

मी दुसऱ्या वेळी मोठी टाकी आणली तेव्हा कोणालाच विचारलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे काका तावातावाने वर आले, "आमच्या डोक्यावर समुद्र ठेवता, सांगायची पद्धत आहे की नाही?" त्यांचं बरोबर होतं. मी माफी मागितली, इंजिनिअरला बोलावलं, टाकी भिंतीलगत बीमवर हलवली. मग टाकी मुरेपर्यंतचे सहा आठवडे काका रोज संध्याकाळी विचारायचे, "शून्य आलं का?"

शून्य आलं त्या दिवशी क्लाउनफिशची जोडी सोडली. मुलगी आणि काका शेजारी शेजारी बसून बघत होते.

टाकीला कुलूप लावून गावी जाता येत नाही, मंडळी. मे महिन्यात आम्ही कोकणात असतो तेव्हा काका येतात. टाकीवर चिकटपट्टीची खूण आहे, तिथपर्यंत बिनमिठाचं पाणी घालतात, चिमूटभर खाद्य टाकतात. जोडीला आता सहा वर्षं झाली.

तेव्हा ज्यांना हा छंद करायचाय त्यांनी टाकीच्या आधी एक चांगला शेजारी बघून ठेवावा. तो आपल्या सोसायटीत मिळतो, हे मी अनुभवाने सांगतो.