संगमनेरचा एक वारसा

अहिल्यानगर जिल्ह्यांतील संगमनेर म्हटलें म्हणजे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचें नांव सुशिक्षितांच्या ओठीं येतें. त्याच गांवीं कांताबाई सातारकरांनीं २०२१ मध्यें देह ठेवला, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

कांताबाई गुजराथेंत दगडाच्या खाणीवर राबणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मल्या. तमाशा त्यांना रक्तानें नव्हे, फडांत उभें राहून मिळाला. तुकाराम खेडकरांच्या जोडीनें त्या गाजल्या. त्यांच्या पश्चात् त्यांनीं स्वतःचा फड उभारला आणि पुत्र रघुवीर खेडकर त्यांत सोंगाड्या झाले.

पूर्वजांचा हा ठेवा नटाला जखडून टाकीत नाहीं, ही त्यांतली मौज. गण, गवळण, वग ही चाल ठरलेली. परंतु गवळणींतल्या मावशीनें कोणाला टोमणा हाणावा, सोंगाड्यानें राजाची फिरकी कशी घ्यावी, हें त्या रात्रीं, त्या गांवीं ठरतें. गांवांत सकाळीं झालेलें भांडण रात्रीं वगांत येतें आणि भांडणारेच पोट धरून हंसतात!

अलीकडे गवळण आटोपती घेऊन चित्रपटांतलीं गाणीं म्हणा, असा प्रेक्षकांचाच आग्रह असतो. फडाचें पोट जत्रांच्या सुपारीवर. मालक नाहीं कसें म्हणणार? त्यांत २०२० सालीं टाळेबंदीमुळें जत्राच बंद पडल्या.

आपण पांढरपेशे नाट्यगृहांत तिकीट काढून लावणी पाहतों. वग मात्र जत्रेंत, तंबूंत, सबंध रात्र बसून पाहावा. आणि गवळण चालू असतां गाण्याची फर्माईश करूं नये.