दुवा असेल तरच वाट

आपण गूगलवर काही शोधतो, तेव्हा ते त्या क्षणी जगभर धावत नाही. आधीच करून ठेवलेल्या सूचीत पाहतं. ही सूची भरण्यासाठी ‘गूगलबॉट’ नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतो.

समजा, एखाद्या वाचनालयाने दुर्मिळ पुस्तकांची माहिती संकेतस्थळावर ठेवली, पण चौकटीत नाव टाइप केल्याशिवाय ती उघडतच नाही. गूगलबॉट सहसा काही टाइप करत नाही. मग ती पुस्तकं अंधारातच राहतात. मुखपृष्ठावरून विषय आणि विषयावरून पुस्तक असे दुवे जोडले, की वाट मोकळी होते.

दुव्यांच्या जोडीला बॉटला देता येणारी पानांच्या पत्त्यांची यादी म्हणजे साइटमॅप. तिच्या एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही १९९४ पासूनची फाइल बॉटने कुठे जाऊ नये ते सांगते. तिथे ‘डिसअलाऊ’ म्हणजे ‘मनाई’ या शब्दापुढे चुकून पडलेली एकच तिरपी रेघ अख्ख्या संकेतस्थळाचं दार लावून घेते.

संकेतस्थळ बांधणाऱ्यांना म्हणूनच विनंती : प्रत्येक महत्त्वाच्या पानाकडे किमान एक साधा दुवा द्या. कष्टाने लिहिलेलं मराठी वाचकापर्यंत पोचलंच पाहिजे.