मॅग व्हीलवरचा पांढरा गंज: घरी काय करावं, कुठे थांबावं

आजचा विषय आहे गाडीची मॅग व्हील, म्हणजेच अलॉय व्हील. रत्नागिरी असो, सुरत असो की चेन्नई, समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. काही वर्षांत चाकाच्या कडेला पांढरे डाग पडतात, वरचा थर फुगून पापुद्रे सुटतात आणि त्याखाली गांडुळासारख्या बारीक रेषा पसरत जातात. चार नवी चाकं घ्यायची तर खर्च मोठा. मग कोणीतरी सुचवतं, ‘बाथरूमचं ॲसिड लाव, दोन मिनिटांत साफ!’ ते का लावायचं नाही आणि त्याऐवजी काय करायचं, हे आज बघू.

आधी धातू समजून घेऊ. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. तोच त्याचं रक्षण करतो. हा थर जास्त आम्लात विरघळतो आणि जास्त क्षारातही विरघळतो. ॲल्युमिनियमचं पातेलं धुण्याच्या सोड्यात ठेवलं की काळं पडतं, हे घरोघरी माहीत आहे. चिंचेनं तांबं-पितळ उजळतं, पण तो नियम इथे लावू नका. मीठ तर या थराला बारीक भोकं पाडतं आणि तिथून धातू आत पोखरला जातो. पांढरी पूड दिसते ती हीच.

चाकावर कंपनीनं रंग आणि लॅकर दिलेलं असतं. फुटपाथला घासून किंवा खडी लागून त्याचा टवका उडाला की खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखालून सरकत जातं. म्हणून वरून कितीही पॉलिश चोळलं तरी हा गंज थांबत नाही. सुटलेलं लॅकर काढून धातूपर्यंत जावंच लागतं.

काम सुरू करण्याआधी चाक साध्या शॅम्पूनं धुऊन उजेडात नीट बघा. डाग तपकिरी असेल आणि बोटाला गुळगुळीत लागत असेल, तर तो बहुधा ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा. त्याला आयर्न रिमूव्हर पुरतं. ते मारल्यावर जांभळं पाणी ओघळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लॅकर फुगलंय, खाली पांढरी पूड आहे, पण चाक सरळ आहे, तर घरी दुरुस्ती करता येते. मात्र आऱ्यांना किंवा आतल्या बाजूला चीर दिसली, रिम वाकलेली असली, तर तिथेच थांबा. चीर पुट्टीनं भरू नका आणि कोपऱ्यावर वेल्डिंगही करून घेऊ नका. ते चाक बदला. चाक चांगलं दिसणं आणि धावताना न तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कृती. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, बाकीच्या चाकांना ठोकळे. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि मग उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली घोडी लावा. चाक काढलं की टायर आणि रिमच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटमधले पत्ते गोल खोचा. टायरवर रंग जाणार नाही.

२४० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावत, फुगलेला भाग घासा. खड्ड्यांमधली पांढरी पूड पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. थोडी जरी राहिली तरी गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. मग ४०० आणि ६०० नंबर. जुन्या रंगाची कड बोटाला जाणवता कामा नये. चाक धुऊन पूर्ण वाळवा, तेलकटपणा पुसून काढा आणि त्याच दिवशी ॲल्युमिनियमला चालणारा एच प्रायमर मारा. त्यावर सिल्व्हर रंग, शेवटी क्लिअर कोट. प्रत्येक थर पातळ, दोन थरांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. पावसाळी, दमट दिवशी हे काम नकोच, ओल रंगाखाली अडकते.

तीन गोष्टी घरी करू नका. पहिली, ॲसिड. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. लेबलवर ही नावं दिसली तर बाटली परत ठेवा. हायड्रोफ्लोरिक आम्लाची इजा सुरुवातीला दुखतही नाही, पण ते त्वचेतून आत जातं आणि जिवावर बेतू शकतं. दुसरी, हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर कोट. त्यात आयसोसायनेट असतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. तिसरी, डायमंड कट चाक हातानं घासणं. त्यावरच्या बारीक रेषा लेथवर काढलेल्या असतात. हातानं त्या परत येत नाहीत.

एक गंज बाहेरून दिसतच नाही. टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथे पूड साचली की हवा हळूहळू निघते. पंक्चर सापडत नाही आणि दर आठवड्याला हवा भरावी लागते. साबणाचं पाणी लावून त्या कडेला बुडबुडे येतात का बघा. आले, तर टायर उतरवून आतली बैठक साफ करून घ्यायची. हे काम टायरवाल्याकडेच द्या.

चाक परत बसवताना हबला टेकणारी मागची बाजू आणि नट बसतात ती जागा स्वच्छ आणि रंगाशिवाय हवी. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले पडतात. नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

यापुढे चाकं दर आठवड्याला साध्या पाण्यानं धुवा, किनाऱ्यावरून आलात तर त्याच दिवशी. आणि नवा टवका दिसला की वाट न बघता त्यावर प्रायमर आणि क्लिअर कोट लावा. नखाएवढा डाग तासाभरात संपतो. तो पसरला की रविवार त्यातच जातो. भेटू पुढच्या भागात.