मेळघाटातील मूल आणि मराठीचे कर्तव्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा संक्षेप)



मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरातले चार वर्षांचे मूल मराठीबरोबर इंग्रजी बोलू लागले की पाहुण्यांसमोर त्याचे कौतुक होते. अमरावती जिल्ह्यातील धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात त्याच वयाचे मूल घरी कोरकू बोलते, बाजारात हिंदी ऐकते आणि अंगणवाडीच्या भिंतीवर मराठी अक्षरे पाहते. त्याच्या वाट्याला मात्र ‘मंद’ हे विशेषण येते. एका वर्गाच्या मुलाची दुभाषिकता भांडवल ठरते, दुसऱ्याची उणीव. प्रश्न भाषेचा दिसतो. मुळात तो विषमतेचा आहे.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा असून तिचे नाते संथाली-मुंडारीशी आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकूला ते नाही.

या मुलाजवळ पाणी, भूक, मोह, पाऊस या सर्वांसाठी शब्द असतात. शाळेजवळ ते नसतात. गुरुजींचा प्रश्न न कळल्याने ते गप्प बसते आणि गप्प बसणे म्हणजे न येणे, असा हिशेब मांडला जातो. पुढे आईबाप मजुरीसाठी सपाटीवर उतरले की तेही मागोमाग जाते. त्याला थांबवून धरील असे शाळेने काही दिलेलेच नसते. लेकराचे हसे होऊ नये म्हणून एखादी आई त्याच्याशी मोडक्या मराठीत बोलू लागली, तर तिला दोष कोणी द्यावा? परंतु मग आजीची होळीची गाणी त्याला परकी होतात आणि मराठीही पुरती आपली होत नाही.

‘कोरकूने पोट भरेल काय?’ असा प्रश्न विचारला जातो. तो अप्रामाणिक नाही. हजेरीपट वाचण्यास, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा लिहिण्यास मराठी हवीच. परंतु कळत्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा अधिक भक्कमपणे आत्मसात करते. कोरकू हा मराठीकडे जाणारा पूल आहे, अडसर नव्हे.

राज्यघटनेचे ३५०-क हे कलम १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करावयास सांगते. बेळगावच्या मराठी मुलांसाठी मराठी शाळा मागताना महाराष्ट्र ज्या न्यायाचा आधार घेतो, तोच न्याय मेळघाटात लागू होतो. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध डॉ. लोहियांबरोबर उभ्या राहिलेल्या चळवळीने, मराठीनेच दुसऱ्याची इंग्रजी होऊ नये, हे पाहिले पाहिजे. साने गुरुजींच्या आंतरभारतीत कोरकूला जागा नसेल, तर ती अपुरीच राहील.

मागण्या साध्या आहेत. अंगणवाडीत आणि पहिल्या दोन इयत्तांत कोरकू ही शिकविण्याची भाषा असावी. मराठी तेथे बोलण्यातून, क्रमाक्रमाने यावी. त्यासाठी कोरकू तरुण-तरुणींना शिक्षकपदाचे प्रशिक्षण व पूर्ण वेतन मिळावे. बाहेरून नेमलेल्या शिक्षकांना कोरकू शिकण्याची सोय आणि सक्ती, दोन्ही असाव्यात.

आणि मेळघाटात जाणाऱ्या कार्यकर्त्याने पहिली सभा घेण्यापूर्वी चार कोरकू वाक्ये शिकावीत. ज्यांच्या मुलांची भाषा आपण ऐकत नाही, त्यांनी आपले भाषण का ऐकावे?