पेला कोणाचा?

आज कांगोला जायचंय, पण सुरुवात आपल्या बोरिवलीतून. खाडी ओलांडली की गोराई. ताडीचा हिशेब माहीत असेलच: झाडावरून रस उतरवला की काही तासांत आपोआप आंबायला लागतो. मध्य आफ्रिकेत राफिया नावाच्या ताडापासून असंच पेय काढतात. कुबा राज्यात ते प्यायला लाकडी पेले कोरायचे. त्यांचे फोटो बघत मी एक आख्खी लोकल सोडली.

कुबा म्हणजे आजच्या कांगोतला कसाई भाग. राजाला म्हणायचे 'न्यिम', आणि त्याच्याखाली पदव्यांची भलीमोठी उतरंड. काही पेले चक्क माणसाच्या डोक्याच्या आकाराचे. कपाळ, डोळे, केस, सगळं कोरलेलं, वर 'तुकुला' ही लाल लाकडाची पूड चोळलेली. चार मानकरी प्यायला बसले की कोणाचा पेला भारी, हे न बोलता कळायचं. ऑफिसात कोणाचा फोन कुठला, हे आपण बघतोच की!

नक्षीचं तर वेडच. १९२०च्या दशकातला किस्सा सांगतात: मिशनऱ्यांनी राजाला मोटारसायकल दाखवली. गाडीचं त्याला काहीच नाही. वाळूत उमटलेली टायरची नक्षी मात्र आवडली! ती उतरवून घेतली आणि तिला स्वतःचं नाव दिलं. मी असतो तर इंजिनच बघत बसलो असतो.

१९०७ ते १९०९ या काळात एमिल टॉर्डे हा हंगेरियन माणूस ब्रिटिश म्युझियमसाठी कांगोत फिरला, कुबांच्या वस्तू लंडनला गेल्या. १९०८ पर्यंत हा मुलूख बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होता, रबरासाठी माणसं मारली जात होती. हे बाजूला ठेवून ते पेले नुसते 'सुंदर' म्हणणं मला जमत नाही. आज म्युझियममध्ये अशा पेल्याखाली बहुतेक वेळा एवढंच असतं: कुबा, लाकूड, अमुक शतक. कोरलं कोणी, प्यायलं कोणी, पत्ता नाही. ज्या पेल्याचं कामच 'मी अमक्याचा' हे सांगणं होतं, त्याचा तो अमकाच गायब.

आपल्या आज्यांच्या स्टीलच्या पेल्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि लग्नाची तारीख घातलेली असते. आपण हसतो त्याला. तुमच्या घरातलं असं सगळ्यात जुनं भांडं कुठलं, कोणाच्या नावाचं? फोटो पाठवा, पुढच्या भागात नावं वाचून दाखवतो.