अंश आणि छेद
(हदगाव येथे आरोग्य शाखांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि नोकरीने बँकेतील कारकून. तेव्हा नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांपुढे आम्ही काय बोलावे, असा संकोच होता. पण आपल्या वस्तीतील एक मुलगी जी.एन.एम.ला आहे. ती दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, व्याज समजावता तसं हे समजावून सांगा." वहीत दोन शब्द होते, इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्स. व्याख्या तोंडपाठ होत्या, परीक्षेत मात्र अदलाबदल झाली होती.

आम्ही तिच्यापुढे पासबुक ठेवले. महिन्याभरात खात्यात नव्याने जमा झाले ते इन्सिडन्स, म्हणजे नवे रुग्ण. आजच्या तारखेला शिल्लक ते प्रिव्हलन्स, म्हणजे नवे-जुने मिळून सारे रुग्ण. या खात्यातून नावे दोनच वाटांनी कमी होतात, रुग्ण बरा होतो किंवा दगावतो. एचआयव्हीचे पाहा. पूर्वी औषध नव्हते तेव्हा माणसे लवकर जात. आता रोजच्या गोळ्यांवर ती वर्षानुवर्षे जगतात, संसार करतात. म्हणून नवी जमा घटूनही शिल्लक वाढू शकते, आणि ती वाढ वाईट नव्हे. मुलगी जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे आधी विचारायचं, आकडा कशाचा आहे." साथरोगशास्त्राचा पहिला धडा तिला तिथेच कळला असे आम्हांस वाटते.

दुसरा प्रश्न, किती पैकी किती? अमुक गावात पाच बालके दगावली, या वाक्यावरून काहीच कळत नाही. पन्नास जन्मांत पाच की पाचशेंत पाच? वरचा आकडा अंश, खालचा छेद. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या कामाचा पाया गावोगाव जन्म आणि मृत्यू मोजणे हा होता. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावे तशीच ठेवली. तुलनेत नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ती ४७ गावे मोजली नसती तर "पाऊसपाणी बरे झाले, म्हणून मुले वाचली" असे कुणीही म्हणाले असते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, तिच्या पिशवीमागे हा हिशोब आहे.

येथे थोडे घरचे सांगतो. आमची धाकटी बहीण अकरा महिन्यांची असताना पावसाळ्यात हगवणीने गेली. आईला तारीख आठवत नाही, मुगाच्या शेंगा तोडायला आल्या होत्या एवढे आठवते. पुढे मोठेपणी एका कामासाठी आम्ही जुने दप्तर पाहिले, तर तिचा जन्म लिहिलेला नाही आणि मृत्यूही लिहिलेला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा आहे. दोष कुणाचा, हे आता उकरण्यात अर्थ नाही. आमच्या वडिलांनाही नोंद करायची असते हे ठाऊक नव्हते. पण बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही, आणि इथे एक मूल अंशातही नाही आणि छेदातही नाही. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. सरकारी कागदावरच्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातले कितीतरी जास्त आहेत, असे त्यात दाखवले होते. तो वाचताना आम्हांस बहिणीची आठवण झाली.

विद्यार्थी मित्रांनो, औषधावाचून रोग जातो का? नारू गेला. आमच्या आजीच्या घोट्यावर त्याचा व्रण होता. नारूला लस नव्हती आणि औषधही नव्हते. नारू झालेला माणूस आग शमवायला पाय पाण्यात घाली, जंताची पिल्ले पाण्यात सुटत, ती बारीक जलपिसवांच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने हातभर लांबीचा जंत बाहेर येई. हे चक्र कळल्यावर उपाय साधे निघाले. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून पाणी शेंदण्याची सोय करणे, रुग्णाला पाण्यात उतरू न देणे. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. यात शोध होता तो एवढाच की, कोण कुठले पाणी पितो. म्हणून तुम्ही सर्वेक्षणाचा तक्ता आखाल तेव्हा वय, लिंग यांच्या शेजारी वस्ती आणि पाण्याची जागा हे रकाने विसरू नका. पाणी कुणाला मिळते, हा प्रश्न २० मार्च १९२७ रोजी महाडला विचारला गेला. तो साथरोगशास्त्राचाही आहे.

आता पुस्तकांविषयी. गाईडे वाचून पास होता येते, हे आम्हांला माहीत आहे, आम्हीही बी.ए. तसेच झालो. पण पार्क यांचे 'प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन' उघडाच. पहिली आवृत्ती १९७०ची. जाड आहे, म्हणून आधी साथरोगशास्त्राचे प्रकरण घ्या. इंग्रजी जड वाटल्यास जागतिक आरोग्य संघटनेचे 'बेसिक एपिडेमिऑलॉजी' लहान आहे आणि फुकट उतरवून घेता येते. आकडे मात्र जुन्या पुस्तकातले उतरवू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत नांदेड जिल्ह्याचे स्वतंत्र पत्रक आहे, ते पाहावे. आणि जवळच्या उपकेंद्रात जाऊन सिस्टरबाईंना विनंती करून त्यांची नोंदवही कशी भरतात ते बघावे. तेवढे कोणत्याच पुस्तकात नाही.

पार्कच्या दोन जुन्या प्रती आम्ही आपल्या वाचनालयात आणून ठेवल्या आहेत. एकीचे पुठ्ठे निघाले आहेत, पाने सगळी आहेत. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी, परत आणतानाही लिहावी. वही दाराजवळच्या टेबलावर आहे.