नवी आवृत्ती : सहा महिन्यांनी की दोन वर्षांनी?



मागच्या मार्चमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी बँकेत गटाच्या हिशेबाची प्रत द्यायची होती आणि संध्याकाळी आमच्या कॉम्प्युटरवर पाटी आली, 'नवी आवृत्ती तयार आहे.' एकीनं हौसेनं 'हो' दाबलं. रात्रभर काम चाललं, सकाळी प्रिंटर कागदच काढेना! शेवटी हिशेब मी हातानं उतरवला. घाई आमचीच होती. पण तेव्हापासून मनात आहे, या नव्या आवृत्त्या किती दिवसांनी याव्यात?

आमच्याकडे लिनक्स आहे. विकत घ्यावं लागत नाही, म्हणून घेतलं. लिनक्सबरोबर लिहायची, हिशेबाची, इंटरनेटची सॉफ्टवेअर एकत्र बांधून कुणी संस्था, कुणी कंपनी तो संच आपल्याला देते. त्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. उबुंटू आणि डेबियन ही त्यातली दोन नावं.

उबुंटू २००४ साली निघालं, आणि ते दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरात, नवी आवृत्ती काढतं. नावातच तारीख असते. २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. डेबियनवाले म्हणतात, तयार होईल तेव्हाच काढू. त्यांची २००२च्या जुलैनंतरची आवृत्ती यायला २००५चा जून उजाडला. जवळजवळ तीन वर्षं! इतकं थांबलं तर नवं घेतलेलं यंत्र जुन्या सॉफ्टवेअरला ओळखू येत नाही. आता त्यांचीही साधारण दोन वर्षांनी येते.

इथं एक फरक ध्यानात घ्या. गोधडी फाटली की आपण ठिगळ लावतो, नवी शिवायला बसत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. सुरक्षेच्या दुरुस्त्या अधूनमधून येतात, त्या घ्यायच्याच. नाहीतर चोराला भोक सापडतं, आणि आत आपल्या गटाची खाती आहेत. नवी आवृत्ती म्हणजे नवी गोधडी. ती दर सहा महिन्यांनी कशाला? जे लोक सॉफ्टवेअर बनवतात, तपासतात, त्यांना ती लवकर हवी असते, ते बरोबरच आहे. गटाला दोन वर्षं पुरेत, असं माझं मत.

पण दुरुस्त्या कायम मिळत नाहीत. उबुंटूच्या साध्या आवृत्तीला त्या ९ महिनेच मिळतात. सम वर्षाच्या एप्रिलात जी दीर्घ मुदतीची आवृत्ती येते, तिला ५ वर्षं. म्हणून बसवून देणाऱ्याला आधी विचारा, यातली कुठली बसवतोस, आणि दुरुस्त्या कधीपर्यंत? २४.०४ला त्या २०२९ पर्यंत आहेत. आणि गंमत बघा, २४.०४ एप्रिलात आली, तरी आधीची दीर्घ आवृत्ती वापरणाऱ्यांना बदलाची पाटी दाखवायला उबुंटूवाले स्वतःच २४.०४.१ ही सुधारलेली प्रत निघेपर्यंत थांबले. ती ऑगस्टअखेर आली.

आमच्या गटानं आता ठरावच लिहिलाय. पाटी आली की आधी हिशेब पेनड्राइव्हवर उतरवायचा, आणि बँकेचं काम उरकेपर्यंत 'हो' दाबायचं नाही.